पत्रिकांचा गठ्ठा, कात्री आणि आठवणींची वही

दसरा झाला की घराघरांत दोन कामं निघतात. एक चकलीच्या भाजणीचं आणि दुसरं माळा साफ करण्याचं. माळ्यावर हमखास हाती लागतो तो लग्नपत्रिकांचा गठ्ठा. ज्यांची मुलं आता शाळेत जायला लागली त्यांच्याही पत्रिका त्यात असतात. टाकाव्यात, तर प्रत्येकीवर गणपती! रद्दीवाल्याला द्यायला मन होत नाही, नदीत सोडायच्या तर नदीची आधीच दैना. मग 'असू देत' म्हणत गठ्ठा पुन्हा वर जातो.

मैत्रिणींनो, यंदा तो वर टाकू नका. बाजारात शंभर रुपये मोजूनही मिळणार नाही असा जाड, सुरेख कागद त्यात आहे. सोनेरी वेलबुट्टी आहे, रेशमी गोंडे आहेत, नक्षीदार किनारी आहेत. त्यातून दिवाळीची शुभेच्छापत्रं करता येतात, आणि उरलेल्यातून घरच्या फोटोंची एक देखणी चिकटवहीही सजवता येते. हातकलेची हौस म्हणून हे करा, पण मी सांगते आहे त्यामागं आणखीही एक कारण आहे. ते पुढं येईलच.

आता शुभेच्छा म्हणाल तर फोनवर येतातच की! अभ्यंगस्नान व्हायच्या आत पन्नास पणत्या येऊन आदळतात. तीच पणती, तोच मजकूर, पाठवणाऱ्याचं नाव तेवढं वेगळं. आपणही तीच पणती पुढं ढकलतो आणि मोकळ्या होतो. माझा त्यावर राग नाही, वेळ कुणाला आहे? पण त्या पन्नासांतली एक तरी भाऊबीजेपर्यंत लक्षात राहते का, सांगा. उलट भाच्यानं वाकड्यातिकड्या अक्षरांत 'प्रिय मावशी' लिहून पाठवलेलं कार्ड दहा वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटलेलं असतं.

गंमत म्हणजे शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी 'वेळ नाही' या अडचणीतून झाला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि लोक भराभर पत्रं लिहू लागले. हेन्री कोल नावाचे एक मोठे कामसू गृहस्थ होते. नाताळात आलेल्या सगळ्या पत्रांना उत्तरं कधी लिहायची, या चिंतेनं त्यांनी १८४३ साली जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारभर प्रती छापल्या. रंग मात्र हातानं भरलेले. विक्रीची किंमत एक शिलिंग, म्हणजे त्या काळी चैनच! चित्रात सारं कुटुंब मद्याचे पेले उंचावतं आहे आणि त्यात एक लहान मूलही आहे, म्हणून लोकांनी नाकं मुरडली ती वेगळीच. पुढं १९४९ साली युनिसेफनं पहिलं शुभेच्छापत्र काढलं, ते झेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीनं काढलेल्या चित्राचं. तेव्हा घरात चित्र काढणारं पोर असेल, तर चित्रकार शोधायला लांब जायला नको.

आणि कागदावर सजावट चिकटवण्याची कला आपल्याकडे नवी नाही बरं का. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांना जरीचे काठ, खरं कापड, टिकल्या, मणी लावून देवीला साडीचोळी नेसवायची हौस तेव्हाही होती. आजीच्या देवघरात असं चित्र पाहिलं असेल, तर ते कुणा बाईनं किती निगुतीनं सजवलं असेल याचा विचार करा.

कागदाची ओळख

कार्डासाठी कागद घ्यायला गेलात की दुकानदार 'किती जीएसएमचा?' म्हणून विचारतो. घाबरून जायचं कारण नाही. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० चा असतो. कार्डाला २५० च्या आसपासचा घ्यावा, म्हणजे ते ताठ उभं राहतं. लग्नपत्रिका बहुतेक याच जाडीच्या किंवा त्याहून जाड असतात.

हातकागद मिळाला तर फारच छान. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली ती गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हा कागद लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदासारखा पिवळा पडत नाही. त्याची कड कापू नका, ती जराशी फाटकी कडच खरी शोभा. फक्त त्यावर शाईच्या पेनानं लिहायच्या आधी कोपऱ्यात एक टिंब देऊन पाहा. काही कागदांवर शाई पसरते.

दुसरी गोष्ट घडीची. कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो, तसा गिरणीच्या कागदालाही धागा असतो. कागद न मोडता हलकेच एकदा उभा आणि एकदा आडवा वाकवून बघा. ज्या बाजूनं तो सहज वाकेल, तीच घडीची बाजू. उलट घडी घातलीत तर जाड कागद मधोमध तडकतो आणि रंग उडून पांढरी रेघ दिसते. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेननं एक दाबरेघ ओढावी. संपलेली बॉलपेनं घरात कुणीही टाकत नाही, ती अशी कामी येतात!

चिकटवायला पांढरा गोंद चालतो, पण तो सढळ हातानं ओतला की पातळ कागदाला सुरकुत्या पडल्याच म्हणून समजा. त्यापेक्षा घरची खळ मला आवडते. अर्धी वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, एकूण अडीच वाट्या पाणी होईल असं बघून मंद आचेवर ढवळत राहायचं. बाळाला भरवायच्या पेजेसारखी दाट आणि जराशी पारदर्शक झाली की उतरवायची. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. कागद चिकटवल्यावर वर साधा कागद ठेवून अलगद लाटणं फिरवावं, हवेचे फुगे निघून जातात. मग रात्रभर जाड पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली. पावसाळी हवेत मात्र ही कामं काढू नयेत, काही केल्या वाळत नाही.

उभी राहणारी पणती

आता एक सोपं कार्ड सांगते. जाड कागदाचा ए-फोर ताव मधोमध कापून दोन तुकडे करा. एक तुकडा घ्या आणि लांबीच्या मध्यावर दुमडा. साधारण पंधरा सेंटिमीटर लांब आणि साडेदहा सेंटिमीटर उंच असं कार्ड झालं. घडीच्या बाजूनं, मधोमध, एकमेकींपासून दोन सेंटिमीटर अंतरावर दोन सरळ कापा घ्या, प्रत्येकी तीन सेंटिमीटर. कार्ड उघडून त्या दोन कापांमधली पट्टी आतल्या बाजूला ढकला आणि उलट घडी घालून दाबा. कार्ड काटकोनात उघडलं की आत एक छोटी पायरी उभी राहते. तिच्या पुढच्या बाजूला पत्रिकेच्या सोनेरी कागदातून कापलेली पणती चिकटवा. पणती ज्योतीसकट सात सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर कार्ड मिटल्यावर ज्योत बाहेर डोकावेल. बाहेरून कापांची भोकं झाकायला रंगीत घोटीव कागदाचं आवरण लावा, मात्र पायरीच्या मागं गोंद लागू देऊ नका, म्हणजे झालं.

पणतीऐवजी आकाशकंदील, किल्ला, तुळशीवृंदावन काहीही चालेल. ठिपक्यांची रांगोळी तर कार्डासाठीच जन्माला आली आहे. आलेख कागद वर ठेवून टाचणीनं ठिपके टोचले की खाली नेमक्या अंतरावर खुणा उमटतात. मग त्या रंगीत दोऱ्यानं शिवा की पेननं जोडा. पत्रिकेवरचा गणपती नीट कापून वरच्या भागात, घडीवर येणार नाही असा लावावा. कुणाकुणाला देवाच्या चित्राला घडी पडलेली चालत नाही, आणि आपण शुभेच्छा पाठवतो आहोत, वाद नाही. चमकी मला विचाराल तर नकोच. ती कार्डावर कमी आणि करंज्यांत जास्त सापडते.

बाजारात यासाठी तयार संच मिळतात. नक्षीचे पंच, स्टिकर, मोत्यांच्या पट्ट्या. एखादा चांगला पंच घ्यायला हरकत नाही, वर्षानुवर्षं चालतो. पण सगळेच तयार तुकडे आणून चिकटवले, तर ते विकतच्या पुरणाची पोळी लाटण्यासारखं झालं.

पाकीटही पत्रिकेचंच करा. केटलीच्या वाफेवर जोड धरले की बहुधा सुटतात. पाकीट उलगडून आतली कोरी बाजू बाहेर आणायची आणि त्याच घड्यांवर पुन्हा चिकटवायचं. नवं कोरं पाकीट तयार! पोस्टात पत्राच्या वजनाचा टप्पा २० ग्रॅमचा असतो. आपलं अडीचशेच्या कागदाचं कार्ड आठ ग्रॅमच्या आत बसतं, साध्या कागदाचं पाकीट पाचाच्या आत. म्हणजे गोंडे-टिकल्यांना सातेक ग्रॅम शिल्लक राहतात. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर एकदा तोलून पाहावं.

संक्रांतीची कार्डं तुम्हांला आठवतच असतील. आत चिमूटभर हलव्याची पुडी आणि वर 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. पाच-सहा दाणे, चपट्या पुडीत, एकावर एक न येतील असे ठेवले तर नीट पोचतात. मुठीनं भरलेत तर शिक्क्याच्या माऱ्यात त्यांची पिठी होऊन मिळते.

आता वहीकडे वळू

फोटोंची वही सजवणं हे कार्डापेक्षा अवघड काम, कारण इथं चूक दुरुस्त होत नाही. म्हणून पहिला नियम: मूळ जुना फोटो कधीही थेट चिकटवू नये. स्टुडिओतून त्याची प्रत काढून घ्यावी आणि कापाकापी, चिकटवाचिकटवी काय ती प्रतीवर करावी. मूळ फोटो लावायचाच असेल, तर कागदी कोपरे करून त्यांत बसवावा. आपल्या आजीच्या काळ्या पानांच्या अल्बमात असेच कोपरे असायचे, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पारदर्शक कागद असायचा. ते फोटो आज साठ-सत्तर वर्षांनीही धड आहेत.

गोंधळ झाला तो पुढच्या काळात. साधारण सत्तरीच्या दशकापासून चिकट पानांचे अल्बम आले. वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा उचलायचा, फोटो ठेवायचा, पापुद्रा पुन्हा दाबायचा. किती सोपं! आमच्या नात्यातल्या एका लग्नात स्टुडिओवाल्यानं असाच मखमली पुठ्ठ्याचा अल्बम दिला होता. आता उघडला तर पानांवरचा डिंक पट्ट्यापट्ट्यांनी तपकिरी झालेला आणि फोटो असे घट्ट बसलेले की ओढले तर फाटतील. तुमच्याही घरी असा अल्बम असेल तर आज-उद्या तो काढाच. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा, म्हणजे काही बिघडलंच तरी चित्र हाती राहील. मग दात साफ करायचा मेणाचा बारीक दोरा घ्या, फोटोच्या मागं एका कोपऱ्यातून घाला आणि करवतीसारखा हलके हलके मागंपुढं ओढत न्या. निघाला तर उत्तम, नाही निघाला तर हट्ट नको. केस वाळवायचं गरम यंत्र मुळीच लावू नका.

त्या काळातले रंगीत फोटो लालसर, तांबूस होत चालले आहेत हेही तुम्ही पाहिलं असेल. त्यातला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो, तुमच्या ठेवण्यात दोष नव्हे. काळे-पांढरे फोटो चांदीचे असतात, ते पुष्कळ टिकतात. म्हणून प्रती काढायच्या तर रंगीतांच्या आधी काढा.

आणखी थोडं. सेलोटेप फोटोला किंवा जुन्या पत्राला लावू नये, पिवळा पडून त्याचा डाग कागदात उतरतो. बायंडर मंडळी खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत, ते विष आहे आणि फोटोजवळ तर नकोच. डांबराच्या गोळ्याही नकोत. वर्तमानपत्राचं कात्रण लावायचं असेल तर त्याची झेरॉक्स लावा, मूळ कात्रण स्वतः तर पिवळं पडतंच, शेजारच्या फोटोलाही डाग देतं. दुकानाच्या पावत्या, बसची तिकिटं हल्ली ज्या गुळगुळीत कागदावर मिळतात त्यांवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, त्यांचंही तेच. आणि कृपा करून आईचं पत्र लॅमिनेट करून आणू नका. गरम प्लॅस्टिकात एकदा बसलेला कागद पुन्हा सुटा होत नाही.

बाकी पान कसं मांडायचं हे मी फार सांगणार नाही. एक मोठा फोटो, फार तर दोन छोटे, आणि लिहायला भरपूर जागा. पोळीच्या ताटात सगळंच वाढलं की काहीच नीट जेवलं जात नाही, तसं पानाचंही. फोटोखाली 'सहल' एवढंच लिहू नका. कुठं, कुणाबरोबर, कोणत्या साली, आणि त्या दिवशी काय झालं ते एका ओळीत. बारशाच्या फोटोशेजारी आत्यानं ओटीत घातलेल्या झबल्याचा चिमुकला तुकडा, आईच्या हातची मेतकुटाची कृती तिच्याच अक्षरांत. यापुढं बाजारातले सगळे स्टिकर फिके.

मी म्हटलं होतं ते दुसरं कारण

आमच्या सासूबाईंना गेली काही वर्षं विसरण्याचा आजार आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, कधी मुलालाही 'तुम्ही कोण' म्हणतात. डॉक्टरांनी औषधांबरोबर सुचवलं की जुने फोटो दाखवा, जुन्या गोष्टी बोला. अशा आजारात ताज्या आठवणी आधी जातात, लहानपणीच्या पुष्कळदा मागं राहतात.

घरात फोटो होते, पण डबाभर. त्यातले निम्मे कुणाचे, ते आम्हांला माहीत नाही. मागं नाव नाही, साल नाही. मोठ्या नणंदबाई आल्या तेव्हा दोघी दोन दुपारी बसलो आणि त्यांना आठवतील तेवढी नावं शिसपेन्सिलीनं फोटोंच्या मागं लिहिली. हलक्या हातानं, मऊ शिशाच्या पेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो. नणंदबाईंनाही बारा-पंधरा चेहरे ओळखता आले नाहीत. ते सांगणारं माणूस आता फक्त सासूबाईच, आणि त्या असं सांगायच्या पलीकडं गेल्या आहेत. ते फोटो आम्ही वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत.

उरलेल्यांतून वही केली. एका पानावर एकच फोटो, मोठा करून. खाली ठळक अक्षरांत, त्याच बोलताहेत असं: 'हा आमचा मिरजेचा वाडा. मी आणि अक्का आडावर पाणी शेंदायचो.' पानांच्या कडेला लग्नपत्रिकांच्या किनारी, कारण त्यांना झळाळ आवडतो. एका पानावर त्यांच्या जुन्या इरकलीचा तुकडा शिवून टाकला. त्या चित्राकडे कमी बघतात आणि त्या तुकड्यावरून बोट फिरवत बसतात.

अशी वही ज्यांना करायची असेल त्यांना एकच सांगते. दाखवताना 'ओळखा पाहू हे कोण?' असं विचारू नये. ओळखता आलं नाही की त्या माणसाचा चेहरा पडतो, घाबरतं ते. आपणच म्हणावं, 'ही अक्का, किती लांब केस होते हिचे.' पुढचं ती सांगतील किंवा नाही सांगणार. आमच्याकडे कधी कधी सबंध दुपार काही नाही. आणि एका दिवशी आडाच्या पानावर त्या एकदम म्हणाल्या, 'कळशी माझी नव्हे, शेजारणीची. आमची पोचे आलेली होती.' नणंदबाईंना फोन करून विचारलं, तर त्यांना हे माहीतच नव्हतं. ते लगेच खाली लिहून घेतलं, तारखेसकट.

वही ओल धरणाऱ्या भिंतीलगत ठेवू नका. कपाटाच्या मधल्या खणात, सुती कापडात गुंडाळून, सोबत बुटांच्या खोक्यात येते तसली सिलिका जेलची पुडी. पावसाळा संपला की सावलीत पानं उघडून वारं द्यायचं, उन्हात नाही.

तर दिवाळीच्या कार्डांचं मनावर घ्या. पहिल्या दिवशी दहापेक्षा जास्त करायला बसू नका, कंटाळा येतो. पोस्टात निदान आठ-दहा दिवस आधी पडली पाहिजेत, पिनकोड विसरू नका आणि आत काही जाड असेल तर शिक्का हातानं मारायची विनंती खिडकीवर करा. पत्त्यांची वही सापडत नसेल तर फोन करून पत्ते विचारावे लागतील. 'पत्ता कशाला हवा गं?' असं प्रत्येक जण विचारेल. सांगू नका.